मुंगसाचा एक दात

"नायजेरिया: क्लायंट नंतर कळवणार." ही ओळ माझ्या यादीत तीन वर्षं होती. माझ्या यादीतली ओळ सहसा तीन आठवडेही टिकत नाही. एकतर काम होतं, नाहीतर मी संबंधित माणसाच्या मागे लागते आणि तो कंटाळून करतो. ही एकच ओळ अशी की दर जानेवारीत नवीन वही काढली की ती मुकाट्याने नव्या वहीत येऊन बसायची.

तेव्हा मी सिंगापुरात, पाया लेबारला, एमआरटी मेट्रोच्या स्टेशनपासून चालत सहा मिनिटांवर, ट्रेडमार्कचं काम करणाऱ्या वकिलांच्या एका लहानशा ऑफिसात नोकरी करत होते. मी वकील नव्हे. मी तारखा सांभाळायचे. कोणाचा शिक्का, कोणाचं चिन्ह, कोणत्या देशात नोंदवलंय, नूतनीकरण कधी, हरकतीची मुदत कधी संपते, हे सगळं माझ्या वहीत आणि मग कॉम्प्युटरमध्ये. वही आधी, कारण वही बंद पडत नाही. घरी फ्रिजवरही माझी यादी असायची. नवरा चांगी बिझनेस पार्कात एका बँकेचं आयटी सांभाळायचा आणि यादीकडे न बघता दूध घ्यायला विसरायचा. मुलीने एकदा माझ्या सात कामांच्या खाली इंग्रजीत आठवं काम लिहून ठेवलं, 'श्वास घेणे'. मी संध्याकाळी त्यावर बरोबरची खूण केली.

ज्यांची ती नायजेरियाची ओळ होती, ते काका पुंगोलला राहायचे. मूळचे पुण्याचे, इलेक्ट्रिकल इंजिनिअर. तरुणपणी सिंगापूरला नोकरीला आले आणि इथेच निवृत्त झाले. निवृत्त झाल्यावर काकूंच्या डायनिंग टेबलाचा अर्धा भाग बळकावून त्यांनी एक व्होल्टेज स्टॅबिलायझर बनवला. शेजारी मलेशियात, जोहोरमधल्या एका छोट्या कारखान्यात तो जुळवून घ्यायचे आणि नायजेरियाला, लागोसच्या एका डीलरला पाठवायचे. तिथे वीज येते-जाते, आली की कधी फार येते, आणि फ्रिज जळतात. काकांचा डबा मध्ये बसवला की फ्रिज वाचतो. एकच वस्तू, एकच शहर, एकच डीलर. निवृत्तीनंतरचं त्यांचं सगळं आयुष्य त्या डब्यात होतं.

इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीमुळे आमची ओळख. ऑफिसात आले की ते मला 'मॅडम' आणि 'तुम्ही' म्हणायचे, घरी 'अगं' आणि 'तू'. लिफ्टमध्ये काय म्हणायचं हे न ठरल्यामुळे लिफ्टमध्ये आम्ही दोघं गप्प असायचो.

पहिल्यांदा आले ते चिन्ह नोंदवायला. येण्याआधी मी त्यांना आमची नेहमीची यादी पाठवली होती, त्यातला चौथा मुद्दा असा: 'चिन्हाची स्वच्छ प्रत आणावी. डाग, घड्या, हाताने लिहिलेला मजकूर असलेली प्रत चालणार नाही.' काकांनी चार प्लास्टिक फोल्डरांत एकेक करून चार स्वच्छ प्रती आणल्या. चित्र काकूंनी काढलं होतं. मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला, शेपूट मागे फुलवलेला एक प्राणी.

"मुंगूस," काका म्हणाले. "सापाला जसं मुंगूस, तसा व्होल्टेजला माझा डबा. मुंगूस छाप."

आमच्या बॉसबाई सिंगापूरच्याच, चिनी, बोलायला मोजक्या. त्यांनी चित्र पाहून नाव टाइप केलं ते 'खार' असं. मी दुरुस्त केलं. घरी मुलीला दाखवलं तर ती म्हणाली, "आई, दॅट्स अॅन ऑटर लाह." त्या वर्षांत सिंगापुरात पाणमांजरांचं फार कौतुक होतं, कालव्यातून त्यांचं कुटुंब निघालं की लोक ऑफिस सोडून फोटो काढायचे. काकांना मी यातलं काही सांगितलं नाही. पण फाइलवर मी कंसात 'मुंगूस' लिहून ठेवलं, म्हणजे पुढे कोणाचा घोटाळा नको.

सिंगापूरचा अर्ज भरून झाल्यावर मी विचारलं, "आणि नायजेरियाचं काय?"

"हे आंतरराष्ट्रीय नाही का? एका फॉर्मवर देशांना टिक करतात, तसं कुठेसं वाचलंय मी."

"तसा फॉर्म आहे, पण त्या करारात नायजेरिया नाही. तिथे वेगळा अर्ज, तिथल्या वकिलामार्फत. तुम्ही एक अधिकारपत्र सही करून द्यायचं, बाकी मी बघते."

"म्हणजे आत्ता आपण जे केलं, त्याने काय झालं?"

"आता सिंगापुरात तुमच्या मुंगसाला कोणी हात लावू शकत नाही."

काका थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. सिंगापुरात दिवा कधी मिणमिणत नाही. इथे स्टॅबिलायझर विकायचा म्हणजे कोकणात नारळ विकायला नेण्यासारखं. ज्या देशात मुंगसाची कोणाला गरज नाही तिथे त्याला आम्ही कडेकोट बंदोबस्तात ठेवलं होतं.

"लागोसचं राहू दे सध्या," ते म्हणाले. "आमचा डीलर फार चांगला आहे. मला 'डॅडी' म्हणतो."

"तिकडे वयाने मोठ्या माणसाला तसं म्हणायची पद्धतच आहे, काका."

"असेल. पण म्हणतो ना? डॅडीची वस्तू कोण पळवतं?"

"मुलंच पळवतात. बाहेरच्यांना कपाट कुठे आहे ते माहीत नसतं."

काका हसले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही लिहा, नंतर कळवतो म्हणून." मी लिहिलं. त्याच दिवशी लागोसच्या ज्या वकीलबाई आमची कामं करायच्या त्यांना मुंगसाचं चित्र पाठवून खर्चाचा अंदाज मात्र मागवून ठेवला. ते पुढे उपयोगी पडलं, पण मी मुद्दाम दूरदृष्टीने वगैरे केलं असं नाही. यादीतली ओळ अर्धी सोडली की मला जेवण जात नाही, एवढंच.

तीन वर्षांनी एके दिवशी दुपारी चार वाजता, म्हणजे लागोसला सकाळचे नऊ, त्या वकीलबाईंची मेल आली. त्यांची प्रत्येक मेल 'गुड मॉर्निंग मा' अशी सुरू व्हायची, 'मा' म्हणजे तिकडचं मॅडम, मला तिन्ही त्रिकाळ गुड मॉर्निंगच. खाली त्यांच्या सरकारी ट्रेडमार्क जर्नलचं एक पान जोडलं होतं आणि एकच प्रश्न होता: ही तुमचीच खार ना?

मी पान मोठं करून बघितलं. मुंगूसच होतं. तेच पाय, तीच शेपूट. अर्जदाराच्या जागी डीलरचं नाव.

काकांना फोन करायच्या आधी मी नेहमीप्रमाणे मुद्दे लिहून काढले. एक, जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यापासून दोन महिन्यांत हरकत घ्यावी लागते. दोन, त्यातले सतरा दिवस गेलेत. तीन, हरकत घेतली नाही तर चिन्ह डीलरच्या नावावर होईल, आणि मग काकांनी दुसऱ्या कोणामार्फत माल पाठवला तर लागोसमध्ये काकाच नकली मुंगूसवाले ठरतील. तिसरा मुद्दा फोनवर कसा सांगायचा ते मला सुचेना. मग आहे तसाच वाचून दाखवला.

काका म्हणाले, "चार महिने झाले, त्याची ऑर्डर नाही. मला वाटलं तब्येत बरी नसेल. मी चौकशीची मेलसुद्धा केली त्याला."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, डॅडी, बाजार मंद आहे."

बाजार मंद नव्हता. डीलरने कुठून तरी स्वस्तातले डबे आणून त्यावर मुंगूस लावायला सुरुवात केली होती, हे आम्हाला नंतर कळलं. काकांनी मात्र त्या दिवशी अधिकारपत्रावर सही केली आणि आम्ही मुदतीच्या बरंच आधी हरकत दाखल केली. मी त्या जुन्या ओळीवर काट मारली आणि तिच्या खाली नव्या अकरा ओळी आल्या.

हरकतीला डीलरचं उत्तर आलं तेव्हा बॉसबाईंनी ते दोनदा वाचलं आणि माझ्याकडे सरकवलं. डीलरचं म्हणणं असं की, हे चित्र त्याने लागोसमधल्याच एका चित्रकाराकडून स्वतःच्या कल्पनेने काढून घेतलंय. सिंगापूरचा कोणी म्हातारा मुंगूस वापरत असेल तर असो, त्याचं मुंगूस वेगळं. पुरावा म्हणून त्याने दोन गोष्टी दाखवल्या होत्या. त्याच्या मुंगसाच्या कपाळावर एक ठिपका आहे, तो म्हणजे स्टॅबिलायझरचा चालू असल्याचा दिवा. आणि त्याच्या मुंगसाला तोंडाशी एक दात आहे, तो म्हणजे धैर्याचं प्रतीक.

मी जर्नलचं पान पुन्हा काढलं. ठिपका होता. जरासा वाकडा, खाली ओघळल्यासारखा. आणि ओठाच्या कडेला खरोखरच एक बारीक, लांबट दात होता. आमच्या चित्रात दोन्ही नव्हतं. पहिल्यांदा पान पाहिलं तेव्हाही मला ते दिसलं होतं. मी समजले, छापखान्याची शाई.

मी एका कागदावर मध्ये रेघ मारली. डावीकडे 'साम्य', उजवीकडे 'फरक'. साम्यात पाय, शेपूट, उभं राहण्याची पद्धत, मिशांची संख्या. फरकात दोनच ओळी: ठिपका, दात. पण त्या दोन ओळींवरच समोरच्याची सगळी इमारत उभी होती. आमच्याकडे काय होतं? काका आणि डीलर यांच्यातल्या मेलांचा ढीग, ज्यात काकांनी 'लेबल पाठवत आहे' असं लिहिलं होतं, पण त्या जुन्या मेलला जोडलेली फाइल काकांचा कॉम्प्युटर बदलताना हरवली होती. मेल होती, चित्र नव्हतं. डीलर म्हणू शकत होता की त्या मेलमध्ये भलतंच काही होतं.

काका त्या आठवड्यातल्या मंगळवारी ऑफिसात आले ते काकूंना घेऊन. दोघांना पुढे लिटल इंडियाला भाजीला जायचं होतं. काकूंनी माझ्या टेबलावर डबा ठेवला. "थालीपीठ आहे. यादीत लिहू नकोस, खाऊन टाक."

काका खुर्चीत बसले. हरकत दाखल केल्यापासूनच्या तीन महिन्यांत ते चांगलेच खंगले होते. पूर्वी आले की प्रिंटरमागची वायर सरळ करायचे, दिव्याचं बटण तपासायचे. आता नुसते बसले. मी त्यांना तो साम्य-फरकाचा कागद दाखवला आणि प्रामाणिकपणे सांगितलं की उजवी बाजू आपल्याला जड जातेय.

"माझ्याच मुंगसाला दात बसवला आणि माझ्याच दारात उभा केला," काका म्हणाले. "जाऊ दे. या वयात मला काय करायचंय. जोहोरच्या कारखान्याला सांगून टाकतो, बंद करा म्हणून."

"बघू तरी कसला दात आहे," काकू म्हणाल्या. त्यांनी पान घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि कागद नाकाला लावला. मग त्यांना हसू यायला लागलं. आधी नुसते खांदे हलले.

"अहो, हे आपलं खंडेनवमीचं."

"कुठलं?"

"त्या वर्षी तुम्ही सगळं पूजेत मांडलं होतंत ना? मीटर, सोल्डरिंगची ती बंदूक, पक्कड. मी त्या सर्किटला कुंकू लावायला गेले तर तुम्ही ओरडलात, शॉर्ट होईल म्हणून. मग मी म्हटलं, चित्राला लावते, मुंगूस काही शॉर्ट होत नाही."

काकांनी पान ओढून घेतलं.

"हा दिवा नाही, माझं कुंकू आहे," काकू म्हणाल्या. "ओलं होतं, ओघळलंय बघा. आणि हा दात म्हणे. अक्षता आहे ती. चिकटून बसलीय."

मी माझ्या कागदाकडे बघितलं. फरक, एक, ठिपका. फरक, दोन, दात. इतक्या वर्षांत माझ्या याद्यांत चुका झाल्या असतील, पण मुद्दे बरोबर आणि बाजू चुकीची असं कधी झालं नव्हतं.

"तुम्ही ते तसंच पाठवलंत?" मी काकांना विचारलं.

काकांना आठवायला लागलं. खंडेनवमीच्या त्याच दिवशी डीलरचा निरोप होता, लागोसला पेट्या छापायच्यात, लेबल आत्ता पाठवा. काकांनी पूजेतून चित्र उचललं, स्कॅन केलं, पाठवलं आणि जेवायला बसले. डब्यांवर जी धातूची पट्टी असायची ती नंतर जोहोरला स्वच्छ प्रतीवरून व्हायची. पेट्या लागोसला छापल्या जायच्या आणि काकांनी त्या कधी पाहिल्याच नव्हत्या.

"कुंकू लावलेलं तुम्हाला दिसलं नाही?"

"यांना मायक्रोफॅरड दिसतात," काकू म्हणाल्या. "आमच्या लग्नातसुद्धा मी कुठली साडी नेसले होते ते यांना माझ्या बहिणीने सांगितलं."

मी बॉसबाईंना बोलावून आणलं आणि समजावून सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला. त्या मूळ कागदाचं काय झालं?

काकांचा चेहरा पडला. "मॅडम, तुमच्या यादीत लिहिलं होतं, डाग असलेली प्रत चालणार नाही. मग हिने तसंच नवीन चित्र काढलं. आधीचं मी फेकलं असणार."

चौथा मुद्दा माझाच होता, मी स्वतः टाइप केलेला.

"पूजेतलं कोणी फेकतं का?" काकू म्हणाल्या. "तुम्ही फेकलंत. मी उचललं. आता कुठे ठेवलं ते मात्र शोधावं लागेल."

शनिवारी मी पुंगोलला गेले. एलआरटीची छोटी गाडी त्यांच्या इमारतीला वळसा घालून जाते, इतकी जवळून की काकूंना प्रवाशांच्या हातातल्या पिशव्या दिसतात. त्यांच्या फ्लॅटमध्ये, तिथल्या सगळ्या नवीन फ्लॅटमध्ये असते तशी, जाड लोखंडी दाराची एक खोली आहे. सरकारने ती बॉम्ब पडले तर लपायला दिलीय. काकूंनी तिच्यात अठरा वर्षांचा संसार लपवला होता. मी वही उघडली आणि म्हटलं, आपण खोक्यांना नंबर देऊ.

"तू बस," काकू म्हणाल्या. "यादी केलीस की वस्तू घाबरून लपते."

काका खोकी उतरवत होते, काकू डबे उघडत होत्या. जुनी पंचांगं निघाली, पितळी समया निघाल्या, काकांच्या पहिल्या, फसलेल्या स्टॅबिलायझरचा सांगाडा निघाला. काकूंनी तो बघून "हा अजून आहे का" असं विचारलं आणि काकांनी तो हळूच माझ्यामागे सरकवला. अडीच तास गेले. दुपारच्या चहाला काकूंनी गॅस पेटवला, आणि संध्याकाळचा दिवा लावायला वाती आहेत का बघावं म्हणून देवापाशी असलेला वातींचा डबा उघडला.

"अगं बाई," त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "अहो, या इकडे."

डब्याच्या तळाशी, वातींना तेलकटपणा लागू नये म्हणून, कागदाची घडी घातली होती. नशिबाने कापलेली नव्हती, चौघडी केलेली होती. उलगडली तर मुंगूस. कपाळावर कुंकू, वाळून विटकरी झालेलं. अक्षता कधीच गळून गेली होती, पण ती कुंकवात भिजवलेली असल्यामुळे ओठाच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा लाल ठसा राहिला होता. मी पिशवीतून जर्नलचं पान काढून शेजारी धरलं. ओघळ त्याच बाजूला, ठसा त्याच तिरकेपणाने.

काका खुर्चीवर बसले. त्यांनी बोट पुढे केलं आणि ठशाला न लावता तसंच धरलं. मग उठून, इतक्या दिवसांनी, स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटचा स्टार्टर फिरवून घट्ट केला.

आता पुराव्याचं प्रतिज्ञापत्र करायचं होतं. बॉसबाईंचं मत, ते काकांनी करावं, धंदा त्यांचा आहे. काकू म्हणाल्या, "कुंकू मी लावलंय. यांना तर ते दिसलंही नव्हतं. हे शपथेवर काय सांगणार?" कायद्याच्या दृष्टीनेही ते बरोबर निघालं. दोघांनी करायचं ठरलं.

कुंकू म्हणजे काय आणि एका इंजिनिअरच्या घरी पक्कडीची पूजा का करतात, हे इंग्रजीत लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी नऊ मुद्दे लिहिले. बॉसबाईंनी सहा खोडले. सही घ्यायला आम्ही ज्या नोटरीकडे गेलो ते वयस्कर चिनी गृहस्थ होते. त्यांनी कागद उजेडात धरून पाहिला, काकूंना विचारलं, "यंत्रं नीट चालावीत म्हणून?" काकू हो म्हणाल्या. ते म्हणाले, त्यांची आई नवीन फ्रिज आणला की त्यावर लाल कागद चिकटवायची. मग त्यांनी काकांकडे बघून विचारलं, "आणि तुमचा स्टॅबिलायझर?"

"तोही त्याच फ्रिजसाठी," काका म्हणाले. "दोन्ही लावलेलं बरं."

लागोसच्या वकीलबाईंना फोनवर सगळं सांगताना मला काळजी होती की त्यांना हे विचित्र वाटेल. त्या हसायच्या थांबेनात. म्हणाल्या, "मा, माझी आई नवीन जनरेटरला प्रार्थनेचं तेल लावते. हे मला समजावून सांगावं लागणार नाही." त्यांनी स्वतःहून आणखी एक काम केलं. बाजारातून डीलरच्या जुन्या पेट्या शोधून आणल्या. सगळ्यांवर कुंकू होतं, सगळ्यांवर अक्षता होती. तीन वर्षं काकांचा माल लागोसच्या दुकानांत पूजा होऊनच जात होता.

पुरावा तिकडे पोचल्यावर पुढचे कित्येक आठवडे काही घडलं नाही. काका दर मंगळवारी यायचे, 'काही नाही ना' असं विचारून प्रिंटरची वायर सरळ करायचे आणि जायचे. मग एका गुड मॉर्निंग मेलमध्ये बातमी आली की डीलरने अर्ज मागे घेतलाय. धैर्याचं प्रतीक तांदूळ निघाल्यावर सुनावणीला उभं राहायला त्याचा वकील तयार नव्हता, असं वकीलबाईंनी लिहिलं होतं. डीलरची काकांनाही एक मेल आली. 'डॅडी, रागावू नका.' काकांनी ती मोठ्याने वाचून दाखवली आणि काकूंकडे बघितलं.

"उत्तर द्या," काकू म्हणाल्या. "लिहा, राग नाही. पण कपाटाची जागा बदललीय."

आता काकांच्या नावाने नायजेरियाचा अर्ज करायचा होता आणि काकूंच्या डायनिंग टेबलावर एक नवीनच भांडण उभं राहिलं. कुठलं मुंगूस? काकांना स्वच्छ हवं होतं. "एका दाताचं मुंगूस जगात नसतं. प्राण्यांची माहिती असलेला माणूस हसेल."

"आमच्या बॉसबाईंनी तर त्याला खार म्हटलंय," मी शेवटी सांगून टाकलं. "माझ्या मुलीने पाणमांजर."

काकांनी चित्र उचलून पुन्हा बघितलं. काकूंना ते आधीपासून माहीत असावं, कारण त्या थालीपीठ वाढत राहिल्या.

वकीलबाईंचा सल्ला स्पष्ट होता. लागोसचं गिऱ्हाईक ठिपका बघून डबा उचलतं. बाजारात जे ओळखलं जातं तेच नोंदवा. शेवटी कुंकवासकट, दातासकट अर्ज गेला. पुन्हा जर्नलमध्ये आला, या वेळी दोन महिने मी रोज कॅलेंडरवर खूण करत होते, कोणाची हरकत आली नाही. नवीन डीलर काकांना 'सर' म्हणतो. काकांना ते जास्त बरं वाटतं.

आमच्या यादीतला चौथा मुद्दाही मी बदलला. 'डाग असलेली प्रत देऊ नये, पण फेकूही नये. घरातल्या बायकांना विचारून मग ठरवावे.' बॉसबाईंनी दुसरं वाक्य खोडलं. मी माझ्या वहीत ते ठेवलंय.

नोंदणीचं प्रमाणपत्र आलं ते योगायोगाने नवरात्रात. पहिली मुदत सात वर्षांची, मग चौदा-चौदा वर्षांनी नूतनीकरण. मी तारीख दोन ठिकाणी लिहिली. खंडेनवमीला काका-काकूंनी मला पुंगोलला बोलावलं, येताना प्रमाणपत्र घेऊन ये म्हणाले. पाटावर मीटर होता, पक्कड होती, सोल्डरिंगची बंदूक होती. मी पिशवीतून प्रमाणपत्राची फोटोकॉपी काढून ठेवली.

काकूंनी हातातली कुंकवाची वाटी खाली ठेवली. "ही खरी प्रत नाही."

"खरी ऑफिसात आहे, काकू. कपाटात. कुलूप लावलंय."

"किल्ली कुणाकडे?"

"माझ्याकडे."

"मग ती ठेव इथे."

मी पर्समधून किल्ली काढली. काकूंनी ती पाटाच्या मधोमध ठेवली, अनामिकेने भरपूर कुंकू लावलं आणि वर अक्षता टाकल्या. काका म्हणाले, "आता स्कॅन करू नका म्हणजे झालं."

सोमवारी ऑफिसात कपाटाचं कुलूप जरा अडलं. दोनदा हलवल्यावर उघडलं. आत कुठेतरी तांदळाचा दाणा आहे. बॉसबाई म्हणाल्या, कुलूपवाल्याला बोलावून साफ करून घ्या. मी ते काम अजून यादीत लिहिलेलं नाही.